झुंबरशेटचा मुखत्यार

१

सोनगीरच्या आमराईत सकाळी पहिली कुऱ्हाड पडली आणि दुपारी सायरबाई धुळ्याला आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या. डावा पाय मोडून फळ्यांत बांधलेला, एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला आधाराला म्हातारा गडी उखर्डू. त्यांचे यजमान झुंबरशेट जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मारवाड्यांत विधवा बाईने इतक्या लवकर कोपऱ्यातून उठायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून काही विचारायच्या आधी मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नको, अक्का. आधी आबांना बोलवा," ओढणीआडून त्या म्हणाल्या. "आमची आमराई विकून टाकली. पाणपोईसुद्धा."

आबा म्हणजे आमचे हे, शालिग्राम वकील. सगळं धुळं त्यांना आबा म्हणायचं. मला मात्र हाक मारायची सोय नव्हती, आमच्या काळी ती कुणालाच नव्हती. आणि खरं सांगू का, गरजही पडत नसे. बोलावलं की हे येत नसत आणि नको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. त्या दिवशी मात्र 'पाणपोई' हा शब्द ऐकून हे अर्ध्या जेवणावरून उठले.

का उठले, ते आज कुणाला कळायचं नाही. आग्रा रोडने निघालं की सोनगीरचा किल्ला दिसायला लागायच्या जरा आधी डाव्या हाताला ती आमराई यायची. तिथे सोनगीरच्या तांबटांनी घडवलेले तांब्याचे हंडे ओळीने मांडलेले असत. पाण्याला वाळ्याचा वास असे. झुंबरशेट स्वतः ओगराळं घेऊन बसत, आणि पाणी पिणाऱ्याला जात, गाव काही विचारत नसत. शेटना मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, ही पाणपोई हेच यांचं लेकरू. लग्न होऊन सासरी येताना मी पहिलं पाणी तिथलं प्यायले होते. अजून तो गारवा जिभेवर आहे.

"विकली कुणी?" यांनी विचारलं.

"नेमीचंदने. जळगावचा आमचा पुतण्या. त्याच्या साल्याला, रुपचंदला विकली. तो माणसं घेऊन आला, म्हणाला, इथे कापसाचं जिनिंग होणार. म्हणे, नेमीचंद काकांचा मुखत्यार होता."

हे हसले. "अहो, ते मुखत्यारपत्र मीच लिहून दिलंय! ते खास आहे. खास म्हणजे एका कामापुरतं. विहिरीच्या दाव्यात शेटच्या वतीने कोर्टात उभं राहायचं, बस. त्या कागदावर नेमीचंदला आंब्याचं पानसुद्धा विकता येत नाही. तुम्ही निर्धास्त पाणी प्या."

सायरबाईंनी तांब्या तोंडाला लावला. हे छत्री घेऊन दस्तनोंदणीच्या कचेरीत गेले. परत आले तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"दुसरं मुखत्यारपत्र आहे," हे म्हणाले.

२

दुसरं होतं ते आम मुखत्यारपत्र. याला कुणी कुलमुखत्यारपत्र म्हणतात. यांनी सायरबाईंना ते समजावून सांगितलं, तेव्हा मीही दाराआड ऐकत होते. खास मुखत्यारपत्र म्हणजे एका खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं. आम म्हणजे कमरेचा जुडगाच काढून देणं. मग त्याने विकावं, गहाण टाकावं, दावा लावावा, सगळं देणाऱ्यानेच केल्यासारखं.

"सही खोटी असेल," मी म्हटलं.

"नाही ना! शेट आजारी पडून जळगावला पुतण्याकडे गेले तेव्हा त्यांनी स्वतः कचेरीत जाऊन करून दिलंय. दोन साक्षीदार आहेत. कागद खरा आहे."

"खरा असणारच," सायरबाई म्हणाल्या. "त्यांचा नेमीवर जीव होता. पण आमराई विकायला त्यांनी सांगितलं नसेल, आबा. जाताना मला म्हणाले होते, तुझा पाय बरा होईपर्यंत उखर्डूचा नातू बसेल, पण हंडे रिकामे ठेवू नकोस."

हे कचेरीतून आणलेली दस्ताची नक्कल पुन्हा पुन्हा वाचत होते. एकाएकी चष्मा वर सारून यांनी विचारलं, "शेट वारले ती तिथी कोणती?"

त्यांनी सांगितली. यांनी बोट कागदावर ठेवलं. विक्रीचा दस्त नोंदला होता तो नेमका त्याच दिवशी, धुळ्यात, भर दुपारी.

"आणि प्राण केव्हा गेला?"

"दिवेलागणीला. नेमीने तसं कळवलं. आमच्यात दिवस मावळल्यावर नेत नाहीत, म्हणून सकाळी नेलं. सकाळच्या मोटारीने माणूस मला बोलवायला आला. मी पोचले तेव्हा..." त्या थांबल्या. "राख पाहिली मी."

यांनी नक्कल खाली ठेवली. मग म्हणाले, "नीट ऐका. मुखत्यारपत्र खास असो की आम, ते देणाऱ्याच्या श्वासावर चालतं. देणारा गेला की मुखत्यारी त्याच क्षणी संपली. शेट दिवेलागणीला गेले असतील तर दुपारची विक्री पक्की, आमराई गेली. पण ते त्याआधीच गेले असतील आणि विकणाऱ्याला, घेणाऱ्याला ते माहीत असेल, तर ही विक्री मेलेल्या माणसाच्या नावाने केलेली आहे. ती मी एका दिवसात मोडून दाखवतो."

मला वाटलं सायरबाईंना धीर येईल. पण त्यांनी ओढणी आणखी पुढे ओढली.

"आधी गेले असते तर मला त्याच दिवशी बोलावलं असतं ना?" त्या म्हणाल्या. "मी झोळीत घालून आले असते, आबा. तोंड तरी पाहिलं असतं."

मी त्यांच्यापुढे पुन्हा तांब्या सरकवला.

३

पहिला संशय उखर्डूवर. तो शेटबरोबर जळगावला राहिला होता, त्यांच्या उशापायथ्याशी झोपायचा. मग मालक गेले तेव्हा हा कुठे होता? यांनी त्याला समोर बसवून विचारलं.

"नेमीशेटनी माले पहाटे उठाडं, आबा," उखर्डू हात जोडून सांगू लागला. "म्हने, पिंप्राळाले जाय, मालकसाठे बकरीनं ताजं दूध लई ये. मी गऊ. दूध लई उनू तं नेमीशेट मोटारवर निंघी जायेल, मोहनबाई दारमा उभी. म्हने, काकाजीना आत्तेच डोळा लागेल शे, माडीवर जाऊ नको. मंग मी बठ्ठा दिन पायरीवर बठनू."

"म्हणजे दिवसभर पायरीवर बसलास आणि मालकांना तू पाहिलंच नाहीस?"

"नही. पन दूध त्यासनी पिधं ना! तपेली रिकामी उनी. मरेल माणूस दूध पिस का, आबा?"

हे कपाळावर हात मारून उठले. दूध संपलं होतं. कोर्टात नेमीचंदचा वकील ती रिकामी तपेली डोक्यावर घेऊन नाचला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला निघालो. हे, मी, सायरबाई आणि उखर्डू. मला नेलं, कारण मारवाड्यांच्या बायका परक्या पुरुषाशी बोलणार नव्हत्या. नाहीतर आमच्या वकीलसाहेबांना बायकोला मोटारीत बसवायची हौस कधीच नव्हती. ती सर्व्हिस मोटार! पारोळ्याला ती तापायची, एरंडोलला रुसायची, आणि ड्रायव्हर खाली उतरून तिच्याशी असा बोलायचा, जशी घरातली म्हातारी. श्रावण होता. दोन्हीकडे कपाशी गुडघ्याएवढी उभी होती. सायरबाई वाटभर एकदाही ओढणी सारून बाहेर पाहायला तयार नव्हत्या.

नेमीचंद पेढीवर तक्क्याला टेकून बसला होता. गोरापान, हसरा, बोलायला गोड. त्याने काकीसांच्या पायांना हात लावला, डोळ्यांत पाणीही आणलं.

"काकाजींचीच इच्छा होती, वकीलसाहेब. म्हणाले, नेमी, मागे माझ्या बाईच्या डोक्याला ताप नको, आमराई विकून टाक. म्हणून मी सकाळच्या मोटारीने धुळ्याला गेलो. ते तेव्हा माझ्याशी बोलले. परत आलो तर शेवटची घरघर."

"रुपचंदशेट तुम्हाला धुळ्यात भेटले?"

"नाही, नाही. तो रात्री आमच्याकडेच होता. बरोबरच निघालो."

शेजारी बसलेला रुपचंद मान हलवत होता. तो फार बोलत नव्हता. एवढंच म्हणाला, "आम्ही निघालो तेव्हा शेटजी ठीक होते. तुमच्या गड्याने आणलेलं दूधही प्यायले. विचारा त्याला."

आम्ही अजून दुधाचं नावही काढलं नव्हतं. पिंप्राळ्याहून दूध आलं तेव्हा तर हा मोटारीत होता! मी यांच्याकडे पाहिलं. हे मात्र छताच्या झुंबराकडे बघत होते, जणू ते विकत घ्यायचंय.

४

आत माजघरात मोहनबाई बसली होती, नेमीचंदची बायको. तिशीची असेल. मी बसले, पाय किती दुखतात वगैरे बोलले, आणि ती एकदम म्हणाली, "काकाजी दिवेलागणीला गेले."

मी वेळ विचारलीच नव्हती. शाळेतली मुलगी पाठ म्हणते तसं ती म्हणाली आणि जमिनीकडे पाहत राहिली. मी खूप गोडीगुलाबीने विचारून पाहिलं. दर प्रश्नाला तेच उत्तर, दिवेलागणीला गेले.

निघताना शेजारच्या ओट्यावरून सुंदरबाईने मला हाक मारली. तीही मोहनबाईसारखी ओसवाल जैन. गल्लीतली अशी एक बाई गावोगाव असते, आणि तिच्यावाचून वकिलांची पोटं भरली नसती. तिने मला बसवलं, केळी दिली, आणि मोहनबाईविषयी मनातलं सगळं काढलं.

"सून चांगली, पण हात आखडता हो! चुलतसासरा गेला ना, त्याच दुपारची गोष्ट. मी लोणचं मागायला गेले होते. हिने नुकत्या पोळ्या केल्या होत्या. तेवढ्यात दारात महासतीजी आल्या गोचरीला, म्हणजे भिक्षेला. आमच्या साध्वी, चौमासाला इथे जैन स्थानकात उतरल्यात. हिचे हात भिजलेले. ओल्या हाताचं त्यांना असूझतं, चालत नाही. म्हणून मी म्हटलं, थांब, माझे हात कोरडे आहेत, मी वाढते. पोळी उचलली, तर हिने माझं मनगट धरलं! असं धरलं की बांगडी रुतली. महासतीजी रिकामी झोळी घेऊन माघारी. चौमासात! आमच्या गल्लीत असं कधी झालं नाही. एका पोळीसाठी!"

आम्ही यांच्या एका चुलतभावाकडे उतरलो होतो. ताटात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. जळगावचं ते हिरवं वांगं आणि वर कच्च्या तेलाची धार, त्यापुढे कुठली रहस्यं आणि कुठलं काय. पण हे नुसते भाकरी कुस्करत होते.

"सगळे खोटं बोलताहेत आणि एकही धागा सापडत नाही," हे पुटपुटले. "रुपचंदच्या तोंडून दूध निसटलं, पण ते काय, बहिणीने मागून सांगितलं म्हणेल."

यांचं मन रमावं म्हणून मी सुंदरबाईची नक्कल करून दाखवली. मनगट धरल्याचा भाग आला आणि यांचा घास हातातच राहिला.

"पुन्हा सांग," हे म्हणाले. "सुंदरबाईचे हात कोरडे होते?"

"हो. ती तर तसं शंभरदा म्हणाली."

"आणि पोळी नुकती केलेली. चांगली."

"अहो, चांगलीच असणार."

हे तसेच उष्ट्या हाताने उठले आणि सायरबाईंच्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहिले. "सायरबाई, एकच विचारतो. हात कोरडे, अन्न निर्दोष, दार उघडं, आणि तरीही साध्वींना वाढायचं नाही, असं तुमच्यात केव्हा होतं?"

आतून हुंदका आला.

५

सकाळी पेढीवर हे नेमीचंदसमोर बसले. रुपचंद होता. आतल्या दाराला पडदा, पडद्याआड मोहनबाई, सायरबाई आणि मी.

"नेमीचंदशेट, तुमची गोष्ट मी सांगतो, चुकलो तर थांबवा," यांनी सुरुवात केली. "काकाजी पहाटेच गेले. तुम्हाला माहीत होतं की त्या क्षणी तुमची मुखत्यारी संपली आणि सगळं सायरबाईंच्या हाती गेलं. रुपचंदना रस्त्यावरची जागा हवी होती. उखर्डूला दुधाच्या निमित्ताने बाहेर काढलंत, माडीला कडी घातलीत, आणि दोघं धुळ्याला गेलात. तो दुधाचा बेत तुम्ही दोघांनी मिळून पहाटे केलात. म्हणून दूध यायच्या आधीच मोटारीत बसलेल्या रुपचंदनाही ते ठाऊक."

नेमीचंद हसला. "आणि मेलेल्या माणसाने दूध प्यालं?"

"तपेली रिकामी झाली, एवढंच उखर्डू सांगतो. कुणी प्यालं ते नाही."

"मग पुरावा काय, वकीलसाहेब? घरात माझी बायको होती. तिला विचारा."

"तिलाच विचारणार आहे. कारण तुमच्या घरात त्या दिवशी एकच माणूस खरं वागलं." यांनी पडद्याकडे तोंड केलं. "मोहनबाई, त्या दुपारी महासतीजींना तुम्ही रिकाम्या हाताने का पाठवलंत?"

माझ्या शेजारी मोहनबाईने पडद्याची कड घट्ट धरली. "हात ओले होते," ती कसंबसं म्हणाली. "असूझतं होतं."

"तुमचे ओले होते. सुंदरबाईचे कोरडे होते. ती वाढत होती आणि तुम्ही तिचं मनगट धरलंत. म्हणजे दोष हातात नव्हता, अन्नातही नव्हता. दोष घरात होता. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरचं साध्वी घेत नाहीत. दुपारी तुमच्या घराला सुतक होतं, मोहनबाई. दिवेलागणीला जाणाऱ्या माणसाचं सुतक दुपारी कसं लागलं?"

नेमीचंदने घसा खाकरला. "मोहन, सांग त्यांना..."

"काय सांगू?" ती बोलली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. "गल्लीला खोटं सांगितलं. उखर्डूबाबाला खोटं सांगितलं. तुम्ही सांगितलं तसं चूल पेटवली, दूध गल्लीतल्या कुत्रीच्या पिलांना घातलं. पण महासतीजींच्या पात्रात सुतकाचा घास कसा घालू देऊ? तेवढं माझ्याने झालं नाही."

रुपचंद टोपी उचलून उठू लागला. यांनी त्याला हाताने खाली बसवलं. "दस्त आजच परत फिरवायचा. माझ्याबरोबर धुळ्याला यायचं, दोघांनी. नाहीतर मी फौजदाराकडे जातो." मग नेमीचंदकडे वळून हे म्हणाले, आणि यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, "अरे, शेटना मूल नाही. सायरबाईंच्या मागे ही आमराई तुझ्याकडेच येणार होती. थोडं थांबायला काय झालं होतं?"

नेमीचंदने मान खाली घातली. आमराई परत मिळाली होती. मी आनंदाने सायरबाईंचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार.

त्यांनी पडदा सारला. परक्या पुरुषांसमोर, उघड्या तोंडाने, फळ्यांचा पाय ओढत त्या नेमीचंदपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"झाडं तू परत देशील, नेमी," त्या म्हणाल्या. "पहाटे माणूस धाडला असतास तर मी दुपारी पोचले असते. त्यांचं तोंड मला कुठून परत आणून देशील?"

तो पायांवर पडला. त्यांनी पाय मागे घेतले.

तेव्हा मोहनबाई बाहेर आली. "काकीसा," ती म्हणाली, "त्यांना मी एकटं नाही ठेवलं. खाली कुणी आलं तर तेवढ्यापुरती उठायचे. दिवसभर उशाशी बसून नवकार मंत्र म्हणत होते. कपाळावरचे केस तुम्ही सारता ना मागे, तसे सारले. मी काही खाल्लं नाही. चेहरा झोपल्यासारखा होता, काकीसा. दुखल्यासारखा नव्हता."

सायरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग इतके दिवस दाबून ठेवलेलं रडणं आलं, आणि त्या मोहनबाईच्याच खांद्यावर कोसळल्या. मी आणि उखर्डूही रडलो. आमचे हे पुन्हा झुंबर बघायला लागले.

६

पुढे काही वर्षांनी सायरबाई पुन्हा आमच्या ओट्यावर आल्या. या वेळी पाणी मागून प्यायल्या.

"आबा, आता कचेरीचे हेलपाटे होत नाहीत. एक मुखत्यारपत्र करून द्या. आम नको हं. खास. आमराई आणि पाणपोई, तेवढ्यापुरतं."

"कुणाच्या नावे?"

"मोहनच्या."

यांची लेखणी थांबली. "ती त्या दिवशी खोटं बोलली होती, सायरबाई."

"माणसांशी बोलली," त्या म्हणाल्या. "कुठे बोलायचं नाही, ते तिला कळतं. मला तेवढं पुरे."

यांनी कागद केला. देताना वकिली सुटेना, म्हणून म्हणाले, "पण हाही तुमच्या श्वासापुरताच बरं का."

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत."

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात सायरबाई गेल्याचं कळलं. यांना झोप लागेना. मोहनबाईची मुखत्यारी संपली होती, आमराई आता कायद्याने नेमीचंदची होती, आणि त्याला अडवायला जगात एकही कागद नव्हता. दिवसकार्य झाल्यावर मीच म्हटलं, चला, एकदा बघून येऊ. किल्ला दिसायच्या आधीचं ते वळण आलं आणि मी डोळे मिटून घेतले.

"उघड," हे म्हणाले.

झाडं उभी होती. खाली तांब्याचे हंडे ओळीने, घासून लखलखीत. मोहनबाई ओगराळं घेऊन बसली होती आणि एका गाडीवानाला पाणी वाढत होती. मागे विहिरीवर एक पिकल्या केसांचा माणूस धोतर खोचून रहाट ओढत होता. आमच्याकडे पाठ होती, तरी मी नेमीचंदला ओळखलं.

त्याने वळून पाहिलं. ओळखलं असावं. भरलेली घागर आणून त्याने हंड्यात रिकामी केली आणि पुन्हा विहिरीकडे गेला.

आमचे वकीलसाहेब घरी हौसेने कधी पाणी मागत नसत. त्या दिवशी ओंजळ धरून उभे राहिले आणि मोहनबाईने ओगराळं दोनदा रिकामं केलं. पाणी तसंच गार होतं, वाळ्याच्या वासाचं.